स्मृतीतील राखीव जागा

संगणकातील सर्व स्मृती ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे संचालन प्रणालीच्या, मालकीची असते आणि ती हवी तशी वाटून देण्यास ही प्रणाली मुखत्यार असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत पुष्कळ अंशी बरोबर असली तरी पूर्णपणे बरोबर नाही. संचालन प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. हा कर्नेल यंत्राचा ताबा घेतो त्या क्षणी स्मृतीच्या काही भागांत दुसऱ्यांची वस्ती आधीच झालेली असते. त्या जागा ओळखून वाटपातून वगळणे हे कर्नेलचे पहिले कर्तव्य होय. या प्रकरणात जागा राखून ठेवण्याचे हे काम कसे चालते ते आपण पाहू. त्याचबरोबर, याच युक्तीच्या आधारे कोसळलेल्या कर्नेलचा पुरावा जतन करण्याची जी सोय बंगळुरू येथील अभियंत्यांच्या हातून घडली, तिचाही परिचय करून घेऊ.

आधीचे रहिवासी

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य लहान कप्प्यांची एक लांबच लांब रांग, अशी कल्पना करावी. प्रत्येक कप्प्यात एक बाइट मावतो आणि कप्प्याचा क्रमांक हा त्याचा पत्ता असतो. कर्नेल ही रांग एकेका कप्प्याने वाटत नाही. बहुतेक यंत्रांत तो ४,०९६ बाइटांचे एक पान करून पानांच्या हिशेबाने वाटतो.

परंतु वीजप्रवाह सुरू होताच कर्नेल जागा होतो असे नाही. प्रथम जागे होते ते फर्मवेअर. यंत्र बनवणाऱ्याने यंत्रातच कायमचा बसवून दिलेला हा कार्यक्रम असतो. स्मृतीच्या पट्ट्या तपासणे, तबकडी आणि पडदा यांना कामास लावणे, कर्नेल तबकडीवरून उचलून स्मृतीत आणून ठेवणे ही सर्व कामे फर्मवेअर करते. हे करताना त्याला स्वतःलाही जागा लागते, आणि त्यातील काही जागा ते पुढेही सोडत नाही.

इंटेलच्या घराण्यातील जुन्या वैयक्तिक संगणकांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या फर्मवेअरला बायोस असे नाव होते. स्मृतीच्या अगदी आरंभीच्या १,०२४ बाइटांत व्यत्यय-संकेतांची सारणी असे. तिच्या पाठोपाठ २५६ बाइटांत बायोसची स्वतःची टिपणे असत. ६४० किलोबाइटांच्या सीमेला लागून अलीकडे बायोसचा आणखी एक लहानसा तुकडा असे, आणि ६४० किलोबाइटांपासून १ मेगाबाइटपर्यंतचे पत्ते पडद्याची स्मृती व बायोसचा मूळ संच यांच्याकडे असत. यामुळेच लिनक्सचा कर्नेल पुढे आपला मुख्य देह १ मेगाबाइटच्या पलीकडे मांडू लागला.

या जागांची दखल न घेता कर्नेलने त्यांतील एखादे पान कोणा कार्यक्रमास देऊन टाकले तर काय होईल? त्या क्षणी बहुधा काहीच होणार नाही, आणि खरा धोका नेमका यातच आहे. तो कार्यक्रम त्या पानावर आपली आकडेमोड लिहील. काही वेळाने फर्मवेअर त्याच पानावर आपले टिपण लिहील. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसेल. बिघाड दिसेल तो तासाभराने किंवा आठवड्याने, आणि तोही भलत्याच ठिकाणी: एखाद्या फाइलीत चुकीचा आकडा उमटेल, किंवा झाकण मिटून निद्रिस्त केलेला संगणक पुन्हा जागाच होणार नाही. ज्याने चूक केली त्याचे नाव अशा वेळी कोठेही नोंदलेले नसते.

यादी कोणी द्यावी

मग कोणत्या जागा मोकळ्या आहेत हे कर्नेलने कसे ओळखावे? प्रत्येक पत्त्यावर काहीतरी लिहून पुन्हा वाचून पाहावे, हा उपाय सहज सुचतो. परंतु तो घातक आहे. काही पत्त्यांमागे स्मृती नसून उपकरणे असतात. तेथे लिहिणे म्हणजे एखादे बटण दाबून पाहण्यासारखे आहे. शिवाय एखादी जागा लिहिण्याजोगी आहे एवढ्यावरून ती मोकळी आहे असे सिद्ध होत नाही.

म्हणून ही माहिती फर्मवेअरनेच द्यावयाची, अशी प्रथा पडली. बायोसच्या एका जुन्या सेवेत किलोबाइटांची संख्या सोळा द्विमान अंकांत सांगण्याची सोय होती. त्यामुळे तिला सुमारे ६४ मेगाबाइटांपुढे मोजताच येत नसे. तिच्यानंतर जी सेवा रूढ झाली तिला तिच्या सांकेतिक क्रमांकावरून ई-८२० असे म्हणतात. ही सेवा एकच बेरीज सांगत नाही, तर तुकड्यांची यादी देते. हा तुकडा येथून सुरू होतो, एवढा लांब आहे आणि अमुक प्रकारचा आहे, असे ती सांगते. पहिला प्रकार मोकळ्या स्मृतीचा. दुसरा राखीव. तिसऱ्या प्रकारच्या तुकड्यात यंत्राच्या रचनेचे तक्ते असतात. ते वाचून झाल्यावर ती जागा वापरता येते. चौथा तुकडा निद्रा व जागृती यांच्या व्यवहारासाठी फर्मवेअरला लागतो, आणि त्याला कधीही हात लावावयाचा नसतो. मोबाइल दूरध्वनी आणि इतर अनेक यंत्रांत हीच माहिती ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या एका लहानशा वर्णनपत्रातून कर्नेलच्या हाती येते. गावाची जमीन वाटण्यापूर्वी गायरान कोणते, इनाम कोणते आणि स्मशानाची जागा कोणती हे दप्तरातून पाहून घ्यावे, तसाच हा प्रकार आहे.

यादी मिळाली तरी एक अडचण उरते. कोणती जागा कोणाची हे लिहून ठेवण्यासाठीही जागाच लागते, आणि वाटपाला तर अद्याप आरंभ झालेला नसतो. लिनक्समध्ये ही अडचण दूर करणाऱ्या व्यवस्थेला मेमब्लॉक म्हणतात. पॉवर जातीच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या एका जुन्या व्यवस्थेतून ती विकसित झाली आणि २०१० साली तिला हे नाव मिळाले. तिच्यात दोन याद्या असतात: यंत्रात असलेल्या स्मृतीची एक आणि राखून ठेवलेल्या जागांची दुसरी. प्रत्येक यादीत सामान्यतः १२८ नोंदींपुरती कोरी जागा कर्नेलच्या देहातच आधीपासून सोडलेली असते, म्हणून कोणाकडे जागा न मागता लेखनास सुरुवात करता येते. कर्नेल प्रथम स्वतःची जागा राखीव म्हणून नोंदवतो, नंतर फर्मवेअरची, नंतर इतरांची. या नोंदी पूर्ण झाल्यावर, पहिल्या यादीतून दुसरी वजा जाता जे उरते तेवढेच पुढच्या कायमस्वरूपी वाटप-व्यवस्थेच्या स्वाधीन केले जाते.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. वाटपापूर्वी नोंदलेली राखीव जागा सुरक्षित असते. वाटपानंतर तीच जागा राखावयाची म्हटले तर ती तोवर कोणाच्या तरी हाती गेलेली असण्याचा संभव असतो.

फर्मवेअरने दिलेली यादी नेहमीच विश्वासार्ह असते असेही नाही. बायोसच्या काही आवृत्त्या, ज्या जागा मोकळ्या म्हणून जाहीर केलेल्या असत, त्याच स्मृतीच्या आरंभीच्या भागात पुढे गुपचूप लिहीत असत. यावर उपाय म्हणून लिनक्सने पहिले ६४ किलोबाइट सरसकट वगळण्याची पद्धत घातली. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या नव्या फर्मवेअरच्या बाबतीतही असाच अनुभव आला. नियमाप्रमाणे या फर्मवेअरचा एक भाग केवळ यंत्र सुरू होईपर्यंत कामाचा असतो आणि नंतर त्याची जागा मोकळी समजावयाची असते. प्रत्यक्षात काही यंत्रांचे फर्मवेअर निरोप घेतल्यानंतरही त्या जागेकडे परत वळते असे आढळले. तेव्हा २०११ साली लिनक्समध्ये असा बदल करण्यात आला की, फर्मवेअर नव्या पत्त्यांच्या व्यवस्थेत पूर्णपणे स्थिरावेपर्यंत ती जागा राखून ठेवावी आणि त्यानंतरच मोकळी करावी.

कोसळलेल्या कर्नेलची साक्ष

आतापर्यंत आपण दुसऱ्याच्या मालकीच्या जागांचा विचार केला. परंतु शेतकरी धान्य घरात येताच खाण्याआधी पुढच्या पेरणीचे बी बाजूला काढतो, त्याप्रमाणे कर्नेलही स्वतःच्या भावी गरजेसाठी जागा राखू शकतो. ही गरज म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंताची.

कर्नेल कधी कधी कोसळतो. बँकेचे किंवा आरक्षणाचे काम करणारे मोठे यंत्र अशा रीतीने बंद पडले तर ते पुन्हा सुरू करणे ही पहिली निकड असते. पण ते का कोसळले हे कळले नाही तर तोच प्रसंग पुन्हा ओढवणार हे उघड आहे. कारणाचा पुरावा असतो तो स्मृतीत, आणि यंत्र नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू होताच नवा कर्नेल त्या स्मृतीचे वाटप करून पुरावा पुसून टाकतो. म्हणून कोसळण्याच्या क्षणी असलेल्या स्मृतीची प्रत तबकडीवर उतरवून घेणे आवश्यक ठरते.

हे काम कोणी करावे? लिनक्ससाठी पूर्वी जी साधने होती त्यांत ते काम कोसळणाऱ्या कर्नेलकडेच असे. या पद्धतीतील उणीव स्पष्ट आहे. ज्याचे तक्ते बिघडले आहेत, ज्याची कुलपे अर्धवट लागलेली आहेत, त्याच कर्नेलच्या हाती तबकडीवर लिहिण्याचे काम द्यावयाचे. तो प्रत उतरवू शकेल याचा भरवसा नाही, आणि उतरवताना चांगल्या मजकुरावरच लिहिणार नाही याचाही नाही.

या प्रश्नावरील जो उपाय पुढे सर्वत्र रूढ झाला, त्याला केडम्प म्हणतात. त्याच्या जडणघडणीचे मोठे काम आयबीएम कंपनीच्या बंगळुरू येथील लिनक्स तंत्रज्ञान केंद्रात झाले. विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी जुलै २००५ मध्ये कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या लिनक्स परिसंवादात त्याचे विवेचन करणारा निबंध सादर केला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निघालेल्या लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत केडम्पचा समावेश झाला. चालू कर्नेलमधून, फर्मवेअरला मध्ये न घेता, थेट दुसऱ्या कर्नेलमध्ये उडी घेण्याचे केक्झेक हे तंत्र बीडरमन यांनी विकसित केले होते. केडम्प त्याच्यावर आधारलेले आहे.

त्याची कल्पना अशी. यंत्र सुरू होताना कर्नेलला सूचना दिली जाते की स्मृतीचा अमुक तुकडा राखून ठेव. त्या काळची नेहमीची सूचना १६ मेगाबाइटांच्या पत्त्यापासून पुढे ६४ मेगाबाइट राखण्याची असे. ज्या यंत्रात ४ गिगाबाइट स्मृती आहे त्यात हा चौसष्टावा हिस्सा झाला. या तुकड्यात एक दुसरा कर्नेल आणून ठेवला जातो आणि तो तेथे निष्क्रिय पडून राहतो. पहिला कर्नेल कोसळताच यंत्राचा ताबा या दुसऱ्या कर्नेलकडे जातो. तुझे राज्य या तुकड्यापुरतेच आहे, असे त्याला बजावलेले असते. त्यामुळे उरलेली सर्व स्मृती, जशी होती तशी, त्याच्यापुढे एखाद्या फाइलीप्रमाणे उभी राहते. तो ती तबकडीवर उतरवतो आणि मग यंत्र नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू करतो.

वाचकाला येथे शंका येईल की, गरज पडेल तेव्हा ६४ मेगाबाइट मागून घेतले तर काय बिघडले? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की काही वेळ चाललेल्या यंत्रात स्मृतीचे असंख्य तुकडे झालेले असतात आणि सलग मोठी जागा मिळणे दुरापास्त होते. दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे. जाल-कार्डासारखी उपकरणे मध्यवर्ती प्रक्रियकाची मदत न घेता स्मृतीत थेट लिहू शकतात. कर्नेल कोसळला हे त्यांना कळत नाही; पूर्वी दिलेल्या पत्त्यांवर ती लिहीतच राहतात. राखीव तुकडा यंत्र सुरू झाल्यापासून कोणत्याही उपकरणास दिलेलाच नसतो. म्हणून भोवताली कितीही गोंधळ चालू असला तरी दुसऱ्या कर्नेलच्या अंगावर कोणी लिहीत नाही. एवढ्यावरही न थांबता, ताबा देण्यापूर्वी एक छोटा मध्यस्थ कार्यक्रम दुसऱ्या कर्नेलच्या मजकुराचा ठसा ताडून पाहतो.

६४० किलोबाइटांचा प्रश्न

या सुंदर योजनेत एक गाठ होती, आणि ती जुन्या फर्मवेअरच्या मुलखातच पडलेली होती. दुसरा कर्नेल १६ मेगाबाइटांच्या पलीकडे बसवला तरी इंटेलच्या यंत्रात सुरू होताना त्याला स्मृतीच्या आरंभीचा भाग लागतोच. या घराण्यातील प्रक्रियक जागा होतो तो आपल्या पूर्वजांच्या सोळा अंकी अवस्थेत, आणि त्या अवस्थेत त्याला पहिल्या मेगाबाइटाच्या पुढचे जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून इतर प्रक्रियकांना जागे करणारा मजकूर तेथेच ठेवावा लागतो. पण त्याच जागी पहिल्या कर्नेलचा पुरावाही असू शकतो.

यावर असा मार्ग काढण्यात आला की राखीव तुकड्यातच आणखी ६४० किलोबाइटांची जागा धरावी, आणि उडी घेताना पहिल्या ६४० किलोबाइटांची नक्कल तेथे करून ठेवावी. प्रत उतरवताना त्या पत्त्यांऐवजी ही नक्कल वाचली जाई.

ही व्यवस्था बरीच वर्षे चालली. पुढे एएमडी कंपनीच्या प्रक्रियकांत स्मृतीतील मजकूर सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय आली, आणि नक्कल करणाऱ्या मध्यस्थाला मूळ मजकुराऐवजी केवळ त्याचे सांकेतिक रूपच वाचता येऊ लागले. उतरवलेली प्रत निरुपयोगी ठरू लागली. २०१९ साली यावर जो उपाय करण्यात आला तो साधेपणामुळे ध्यानात राहण्याजोगा आहे: केडम्पसाठी जागा राखलेली असेल तर पहिला मेगाबाइट आरंभीच राखून ठेवावा. तेथे कर्नेलचे काही महत्त्वाचे ठेवलेच गेले नाही तर नक्कल करण्याचे कारणही उरत नाही. २०२१ साली लिनक्सने आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि या घराण्यातील यंत्रांवर पहिला मेगाबाइट सर्वच परिस्थितीत राखण्यास सुरुवात केली. आजच्या स्मृतीच्या मानाने एवढी जागा नगण्य आहे; तिच्यापायी फर्मवेअरशी चालत आलेले अनेक तंटे एकदम मिटले.

फर्मवेअर मदतीला येते तेव्हा

केडम्पमध्ये एक मर्यादा राहून जाते. दुसऱ्या कर्नेलला उपकरणे ज्या अवस्थेत मिळतात ती कोसळण्याच्या क्षणीची, म्हणजे कदाचित बिघडलेली, अवस्था असते. आयबीएमच्या पॉवर यंत्रांसाठी यावर वेगळा मार्ग काढण्यात आला. फर्मवेअरच्या साहाय्याने घेतलेली प्रत या अर्थी त्याला संक्षेपाने फॅडम्प म्हणतात. जुलै २०११ ची तारीख असलेल्या त्याच्या अधिकृत टिपणावर लेखक म्हणून महेश साळगावकर यांचे नाव आहे, आणि २०१२ साली निघालेल्या लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत तो समाविष्ट झाला.

येथे कर्नेल यंत्र सुरू होतानाच जागा राखतो आणि फर्मवेअरकडे त्याची नोंद करतो: मी कोसळलो तर स्मृतीच्या आरंभीचा एवढा भाग या राखीव जागेत नेऊन ठेव. हा भाग म्हणजे एका कर्नेलला जेमतेम उभे राहण्यास पुरेल इतकी स्मृती. ठरलेल्या पद्धतीने ती एकूण स्मृतीच्या ५ टक्के किंवा २५६ मेगाबाइट, यांपैकी जी अधिक असेल ती, धरली जाते. कर्नेल कोसळल्यावर फर्मवेअर तो भाग उचलून ठेवते, सर्व उपकरणे नव्याने सिद्ध करते, परंतु उरलेल्या स्मृतीला धक्का लावत नाही. आणि मग नवा कर्नेल सुरू करते.

या नव्या कर्नेलची पहिली कसोटी आरंभीच्या नोंदींच्या वेळीच लागते. डिव्हाइस ट्रीमध्ये पूर्वीच्या कर्नेलने मागे ठेवलेल्या पुराव्याची नोंद आहे काय, हे त्याने पाहिले पाहिजे. असेल तर आपल्यापुरती ती आरंभीची जागा सोडून वरची सर्व स्मृती त्याने राखून ठेवावयाची असते. ही नोंद पाहण्यापूर्वी वाटपाला हात घातला तर जो पुरावा जपण्यासाठी एवढा खटाटोप केला तो त्याच्याच हातून नष्ट होईल. प्रत तबकडीवर सुखरूप पोहोचली की एका सूचनेसरशी ती सर्व स्मृती मोकळी होते आणि यंत्र दुसऱ्यांदा बंद न करता पूर्ववत चालू राहते.

जागा अडकवून ठेवण्याची किंमत अर्थातच मोजावी लागते. ६४ गिगाबाइटांच्या यंत्रात ५ टक्के म्हणजे ३ गिगाबाइटांहून अधिक स्मृती झाली. तेव्हा २०१८ साली फॅडम्पमध्ये अशी सुधारणा झाली की राखीव जागा निकोप काळात वापरकर्त्यांच्या कार्यक्रमांना उसनी द्यावी, कर्नेलच्या स्वतःच्या सामग्रीला मात्र देऊ नये. कर्नेल का कोसळला याचा तपास करताना वापरकर्त्यांची पाने सामान्यतः लागत नाहीत. त्यामुळे अंतकाळी त्यांच्यावर दुसरे काही लिहिले गेले तरी पुराव्याची हानी होत नाही. ज्याला ती पानेही हवी असतील त्याने उसनवारी बंद ठेवावी, अशी मुभा ठेवलेली आहे.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट लक्षात येईल. राखीव जागा ही यंत्राच्या हिशेबात दररोज तोट्याच्या बाजूस दिसते. तिचा उपयोग क्वचित होतो, आणि ज्या यंत्राचा कर्नेल कधीच कोसळत नाही तेथे तर होतच नाही. परंतु तिची गरज लागेल त्या वेळी ती निर्माण करता येत नाही. तिच्यासंबंधीचा निर्णय यंत्र सुरू होतानाच, पहिले पान कोणालाही देण्यापूर्वी, घ्यावा लागतो. फर्मवेअरची जागा असो की पुराव्याची, दोन्ही बाबतींत कर्नेलला आपल्या अधिकाराच्या मर्यादा आधी लिहून काढाव्या लागतात, आणि मगच तो अधिकार वापरण्यास आरंभ करता येतो.